स्वस्तातली विंच आणि वॉरंटीचे ४७ दिवस

विंच, म्हणजे गाडीला बसवायचं, रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारं विजेचं यंत्र. ती मागवली, पाच दिवसांत घरी आली आणि तिसऱ्या आठवड्यात गाडीला बसली. त्यात सांगण्यासारखं फारसं काही नाही. सांगायचंय ते पुढच्या ४७ दिवसांबद्दल. ते आठवलं की अजून डोकं तापतं.

माझी जुनी थार, २०१४ ची. शेत मावळात. पावसाळ्यात शेताच्या वाटेवर गाडी रुतली की दरवेळी कोणाच्या तरी ट्रॅक्टरची वाट बघायची, याचा कंटाळा आला होता. हिशेब साधा असतो: माणसं आणि सामान धरून गाडीचं जे वजन होईल, त्याच्या निदान दीडपट ताकदीची विंच. माझी गाडी भरल्यावर अडीच टनांच्या आसपास जाते, म्हणून ९,५०० पाउंडांची, म्हणजे साधारण ४,३०० किलोंची घेतली. तीही २६ हजारांत. नामांकित कंपनीची याच ताकदीची घ्यायची तर तिप्पट-चौपट पैसे गेले असते.

शेतावर पहिली चाचणी घेतली. रिमोटवर दोर सोडायचं बटण दाबलं, दोर गुंडाळायचा ड्रम फिरला. ओढायचं दाबलं तर काहीच नाही. पुन्हा दाबलं, तरी काही नाही. बॅटरी भरलेली, इंजिन चालू.

विक्रेत्याला त्याच रात्री कळवलं. उत्तर आलं, व्हिडिओ पाठवा. पाठवला. मग बिल मागितलं, तेही दिलं. मग म्हणाले, सिरीयल नंबरचा फोटो हवा. तो स्टिकर मोटरच्या खालच्या अंगाला, म्हणजे विंच प्लेटवर बसली की तिथे बोटसुद्धा जात नाही. बंपर काढून, आठ बोल्ट सोडवून, ३५-४० किलोंचं ते धूड दोघांनी उचलून फोटो काढला. (तुम्ही विंच घेतलीत तर खोक्यातून बाहेर काढल्या काढल्या त्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा. बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका.) त्यानंतर नऊ दिवस काही उत्तर नाही. फोन केला की दरवेळी नवा माणूस, आणि दरवेळी पहिल्यापासून सगळी कहाणी. शेवटी निरोप आला: अख्खी विंच स्वखर्चाने दिल्लीला पाठवा, तपासून दोष आमचा निघाला तर बघू. एक भाग बिघडलाय, तो तेवढाच पाठवा, असं मी तीनदा लिहिलं. सुटे भाग आम्ही ठेवत नाही, हे उत्तर ४७ व्या दिवशी मिळालं. हेच पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर? ग्राहकाचा दीड महिना फुकट घालवायचा अधिकार यांना कोणी दिला?

दुसऱ्या दिवशी गाडी थेट पुण्याला नाना पेठेत नेली. तिथल्या एका जुन्या इलेक्ट्रिशियन मामांनी आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, मग कंट्रोल बॉक्सचं झाकण उघडलं. आत पाण्याचे थेंब, आणि काँटॅक्टरच्या, म्हणजे मोटरला वीज जोडणाऱ्या स्विचच्या, एका बारीक पिनवर हिरवा गंज चढलेला. "भाऊ, मोटर ठणठणीत आहे. हा बघा, हा गेलाय." काँटॅक्टरमध्ये दोन कॉइल असतात, एक सोडायची, एक ओढायची. मीटर लावला तर सोडायची कॉइल बरोबर आकडा दाखवत होती, ओढायची तुटलेली. झाकणाची रबरी पट्टी एका कोपऱ्यात नीट बसलेलीच नव्हती, पाणी तिथूनच शिरलं.

तसाच १२ व्होल्टचा काँटॅक्टर त्याच बाजारात मिळाला. अठराशे रुपये. जाड केबली काढण्याआधी मामांनी मला फोटो काढायला लावला, कारण त्या अदलाबदल झाल्या तर विंच उलटी चालते. पिनांना व्हॅसलीन, झाकणाला सिलिकॉन. तासाभरात काम झालं. बटण दाबलं, आतून टक्‌ आवाज आला आणि ड्रम ओढायच्या दिशेने फिरला. मला तिथे अक्षरशः टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

म्हणून स्वस्तातली विंच घेऊच नका, असं मी म्हणणार नाही. घेण्याआधी विक्रेत्याला एकच विचारा: काँटॅक्टर आणि रिमोट सुटे मिळतील का? आणि उत्तर लेखी घ्या.

दोर अडकवायची लोखंडी कडी, म्हणजे शॅकल, आणि पुली मात्र गाड्यांच्या सजावटीच्या दुकानात घेऊ नका. भोसरीला क्रेनचं सामान विकणाऱ्या दुकानात पाऊण इंची शॅकल घ्या, अंगावर ४.७५ टन असं कोरलेलं बघून. आकडा नसलेली फुकट दिली तरी नको, ताणाखाली तुटली की गोळीसारखी सुटते. दोर ताणलेला असताना त्यावर ओलं गोणपाट टाका आणि माणसांना लांब उभं करा.

बंपरचं राहिलं. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना बुलबारवर, म्हणजे गाडीच्या पुढे बसवायच्या जाड लोखंडी गजांवर, कारवाई करायला सांगितलं होतं, म्हणून मी पुढे आलेला लोखंडी बंपर टाळला आणि मूळ बंपरच्या मागे प्लेट बसवून घेतली.

मागच्या रविवारी ओढ्यात शेजाऱ्यांचा भरलेला पिकअप रुतला होता. विंचवर लिहिलेली ताकद ड्रमवरच्या पहिल्या थराची असते, वर थर चढले की ती घटते. म्हणून दोर बराचसा सोडला, ड्रमवर पाच वेढे ठेवले आणि पुली लावून ओढ दुप्पट केली. दहा मिनिटांत पिकअप काठावर होता. "दादा, ट्रॅक्टरवाल्याला नको म्हणून सांगतो," म्हणत शेजाऱ्यांनी फोन लावला. मी दोर ताणावर धरून पुन्हा गुंडाळायला घेतला, कारण सैल गुंडाळला की वरचा थर खालच्यात रुततो.