फळ्या, खिळे आणि क्षितिजरेषा: समुद्रकाठच्या लाकडी रस्त्याची सातवी नोंद

मागच्या नोंदीत ज्या चार चौकटींच्या चित्रपट्टीविषयी लिहिले होते, तिच्या पहिल्या तीन चौकटींवर शाई फिरली आहे. चौथी मात्र तीन वेळा खोडून पुन्हा पेन्सिलीवर आली आहे. प्रसंग साधा आहे. आजी आणि नातू समुद्रकाठच्या लाकडी रस्त्यावरून, म्हणजे अमेरिकेत ज्याला बोर्डवॉक म्हणतात त्यावरून, फिरायला निघतात आणि दोन फळ्यांमधल्या फटीत आजींची चप्पल अडकते. ही कल्पना मी लहानपणापासून वाचलेल्या कॉमिक्समधून जशीच्या तशी उचलली होती. खरा बोर्डवॉक कसा बांधतात, हे तेव्हा पाहिले नव्हते. नाशिकला घाट आहेत, नदी आहे, पण समुद्रही नाही आणि असा रस्ताही नाही. म्हणून गेले दोन महिने जुनी छायाचित्रे एका बाजूला आणि चित्रपट्ट्या दुसऱ्या बाजूला ठेवून मी रेघेला रेघ ताडून पाहत आहे.

पहिला फरक उंचीचा निघाला. अमेरिकेतल्या अटलांटिक सिटी शहराचा बोर्डवॉक १८७० साली झाला तो वाळूच्या त्रासामुळे. किनाऱ्यावरून परतणाऱ्या लोकांच्या पायांबरोबर वाळू हॉटेलांच्या दिवाणखान्यांत आणि रेल्वेच्या डब्यांत येत असे, म्हणून अलेक्झांडर बोर्डमन नावाच्या रेल्वे कंडक्टरने आणि जेकब कीम नावाच्या हॉटेलमालकाने फळ्यांच्या रस्त्याची कल्पना मांडली. (बोर्डमन हे आडनाव निव्वळ योगायोगाने जुळले आहे, पण मला ते फार आवडते.) तो पहिला रस्ता सुट्या भागांचा होता आणि हिवाळ्यात उचलून ठेवला जाई. सांगायचे ते असे की, या रस्त्याचे प्रयोजनच वाळूपासून वेगळे राहण्याचे आहे आणि पुढे तो खांबांवर उचलला गेला. चित्रपट्टीत मात्र फळ्या बहुधा वाळूला टेकलेल्या असतात. खालचे खांब, त्यांची सावली आणि फटींतून खाली पडणारे उन्हाचे पट्टे चौकटीच्या खालच्या कडेबाहेरच राहतात. माझ्या पहिल्या चौकटीतही तसेच झाले होते. आता मी खालची अर्ध्या इंचाची जागा मोकळी करून तिथे खांबांचे चार शेंडे दाखवले आहेत, आणि तेवढ्याने रस्ता जमिनीवरून सुटला.

दुसरा फरक फळ्यांच्या दिशेचा आहे, आणि यात माझा सर्वांत जास्त वेळ गेला. चित्रपट्टीत फळ्यांच्या रेघा एकतर आडव्या असतात किंवा लोपबिंदूकडे, म्हणजे दूर जाणाऱ्या समांतर रेघा जिथे मिळाल्यासारख्या दिसतात त्या बिंदूकडे, धावतात, कारण या दोन्ही दिशा पट्टी लावून पटकन काढता येतात. १९२३ साली खुल्या झालेल्या न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड येथील बोर्डवॉकवर मात्र फळ्या तिरप्या, बाणाच्या टोकासारख्या एकमेकींना भिडणाऱ्या आहेत. अटलांटिक सिटीतही तिरप्या फळ्यांची हीच तऱ्हा दिसते. त्या काळी या रस्त्यांवर माणसाने ढकलायच्या चाकांच्या खुर्च्या चालत असत, आणि चाक ज्या दिशेने जाते त्याच दिशेने फट असेल तर चाक फटीत उतरणार, हे कागदावर दोन रेघा ओढून पाहिल्यावर लगेच पटते. तिरप्या फळ्या यथादर्शनात, म्हणजे जवळ-लांबचा भास दाखवत, काढणे मात्र कठीण आहे, कारण डावीकडे झुकणाऱ्या फळ्यांना एक लोपबिंदू लागतो, उजवीकडे झुकणाऱ्यांना दुसरा, आणि दोन्ही बिंदू चौकटीच्या बरेच बाहेर जातात. मी ड्रॉइंग बोर्डाच्या दोन्ही बाजूंना टाचण्या टोचून त्यांना दोरा बांधला आणि दोऱ्याच्या आधाराने रेघा घेतल्या. तिसऱ्या दिवशी हात बसला.

फटी आणि खिळे खरे कसे असतात, हे कळले ते जुन्या नाशकातल्या एका वाड्यात. तिथे माडीच्या फळ्या बदलण्याचे काम चालू होते आणि सुतारकाम करणाऱ्या मिस्त्रींनी मला तासभर बसून रेखाटू दिले. मी फटी मोजत होते, तेव्हा ते म्हणाले, “ताई, घरातल्या फळ्या आम्ही घट्ट बसवतो. उघड्यावरच्या फळ्यांना फट द्यावीच लागते, कारण लाकूड पाणी पितं आणि फुगतं. पण ती फट एवढीशीच,” आणि त्यांनी करंगळीचे नख दाखवले. त्या एका नखाने माझा विनोद मोडला. एवढ्या फटीत छत्रीचे टोक जाईल, उंच टाचेचा बूट अडकेल, आजींची चप्पल कधीच अडकणार नाही. चित्रपट्टीतली फट रुंद असते, कारण ती वाचकाला दिसायची असते. खरी फट पाणी आणि वाळू खाली जाण्यापुरती असते.

मग त्यांनीच खिळे दाखवले. फळी जिथे कडीवरून, म्हणजे खालच्या आधाराच्या लाकडावरून, जाते तिथेच खिळा बसतो, त्यामुळे सगळ्या खिळ्यांच्या सरळ ओळी दिसतात आणि त्या ओळींवरून खाली न दिसणाऱ्या कड्या कुठे आहेत हे कळते. आपण चित्रात खिळ्यांचे ठिपके प्रत्येक फळीच्या टोकाला किंवा मन मानेल तिथे देतो. मी माझ्या जुन्या वह्या काढून पाहिल्या. एकाही पानावर खिळे एका ओळीत नाहीत. शिवाय लाकूड पावसात फुगून उन्हात आकसत राहिले की खिळा हळूहळू वर येतो, असेही त्यांनी सांगितले. आजींच्या चपलेसाठी मला हवे होते ते हेच होते.

क्षितिजाचा पडताळा घेण्यासाठी एका रविवारी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन मरीन ड्राइव्हवर संध्याकाळ काढली. मरीन ड्राइव्ह काँक्रीटचा असला तरी क्षितिजाचा नियम तोच आहे: ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असते. मी उभी असताना माझ्याएवढ्या उंचीच्या सर्व माणसांच्या डोळ्यांवरून, ती जवळ असोत वा लांब, समुद्राची रेघ गेली. कट्ट्यावर बसताच तीच रेघ त्यांच्या कमरेशी आली. चित्रपट्ट्यांत ही रेघ बहुतेक वेळा कमरेशीच असते, म्हणजे चित्रकाराने वाचकाला नकळत बसवलेले असते. वर संवादांच्या फुग्यांना जागा मिळते, हे त्यामागचे व्यावहारिक कारण असावे. मी आता रेघ नातवाच्या डोळ्यांवर आणली आहे. आजींचे डोके त्यामुळे आकाशात गेले, आणि प्रसंग नातवाच्या नजरेचा झाला.

एक तफावत मात्र मी मुद्दाम तशीच ठेवली आहे. खऱ्या बोर्डवॉकवर चालताना समुद्र एका हाताला आणि दुकाने दुसऱ्या हाताला असतात. चित्रपट्टीत पात्रे डावीकडून उजवीकडे चालतात, समुद्र त्यांच्या पाठीमागे पडद्यासारखा असतो, आणि वाचक दुकानांच्या जागी उभा असतो. कोनी आयलंडचा रस्ता सुमारे ऐंशी फूट रुंद आहे. रोजच्या वर्तमानपत्रातील पट्टीची उंची दोन-अडीच इंच. एवढ्या उंचीत ऐंशी फुटांची खोली आणि दोन बोलणारी माणसे एकत्र मावत नाहीत, म्हणून रस्ता सहा-सात फुटांचा होतो आणि दुकाने गळून जातात. अमेरिकन चित्रकार विन्सर मॅके यांच्या १९०५ साली सुरू झालेल्या ‘लिटल निमो’ या चित्रमालिकेला रविवारचे अख्खे पान मिळत असे, त्यामुळे त्यांना इमारतींची उंची आणि गर्दी दोन्ही दाखवता येत होती. चार चौकटींच्या पट्टीत तो हव्यास धरू नये, असे माझे मत झाले आहे. उंची, खिळे आणि क्षितिज खरे असले की अरुंद रस्ताही वाचक मान्य करतो.

सध्याची स्थिती अशी आहे: चौथ्या चौकटीत फट काढून टाकली आहे. आजींच्या चपलेचा अंगठा वर आलेल्या खिळ्यात अडकून तुटतो आणि नातू आपली चप्पल त्यांच्यापुढे सरकवतो. पण तो खिळा कडीच्या ओळीतच असला पाहिजे आणि वाचकाला आधी एकदा दिसलेला असला पाहिजे, म्हणून शाई झालेली दुसरी चौकटही मी बाजूला काढली आहे. तिथे खिळ्यांच्या तिसऱ्या ओळीत एका खिळ्याला छोटी सावली द्यायची आहे; ०.१ चा पेन संपला आहे, तो आणला की त्याच कामाला बसेन.