झाकण ठेवा आधी

दुपारी चारच्या सुमारास ठाण्यात नौपाड्यातल्या कुठल्याही घरी गेलं की हल्ली पाण्याच्या पेल्यामागून प्रश्न येतो, "साधा चहा चालेल, की हर्बल करू?" हर्बल म्हणावं, तर काचेचा कप येतो. काठावरून दोरा लोंबत असतो, दोऱ्याला चिठ्ठी, चिठ्ठीवर एखादं फूल. घरच्या काकू कौतुकानं म्हणतात, "वास बघा कसा घमघमतोय! पार आतल्या खोलीपर्यंत गेलाय."

आतल्या खोलीपर्यंत गेला, तिथेच तर फसलं.

गवती चहा, पुदिना, तुळस, कॅमोमाइल या मंडळींच्या अंगी जे काही असतं, त्यातला मोठा वाटा उडून जाणाऱ्या तेलांचा. गवती चहात सिट्रल, तुळशीत युजेनॉल. ही तेलं वाफेबरोबर निघतात. अत्तर काढणारे कारागीर याचाच फायदा घेतात, वाफ पकडतात आणि गार करून तेल वेगळं काढतात. आपण ती वाफ एक्झॉस्ट फॅनच्या हवाली करतो आणि उरलेलं हिरवट पाणी आरोग्यासाठी म्हणून पितो.

म्हणून झाकणाचा हट्ट. आधण खळखळून आलं की गॅस बंद करायचा, मग पानं टाकायची आणि वर ताटली. दोनशे मिली पाण्याला वाळलेला पाला चहाचा एक चमचा भरून, ताजा असेल तर त्याच्या तिप्पट. पाच ते सात मिनिटं कुणीही ताटली उचलून बघायचं नाही. उचलायची ती अलगद, तिरकी करून, म्हणजे तिच्या पोटाला जमलेले थेंब कपातच पडतील. त्या थेंबांच्या कडेला कधीकधी तेलाची बारीकशी चकाकी दिसते. सगळा खटाटोप तिच्यासाठीच असतो, आणि ती पुसली जाते ओट्यावरच्या फडक्याला.

मुळं, सालं आणि बिया यांचं तंत्र वेगळं. आलं, दालचिनी, ज्येष्ठमध यांच्यावर नुसतं गरम पाणी ओतून फारसं काही निघत नाही. त्यांना मंद आचेवर आठ-दहा मिनिटं उकळावंच लागतं, तेही झाकण ठेवून. बडीशेप, धने, जिरे खलबत्त्यात अर्धवट ठेचायचे. अख्खे टाकले तर कपाच्या तळाशी तसेच्या तसे भेटतात. आणि आलं-तुळस एकत्र हवं असेल तर आधी आलं उकळून घ्यायचं, गॅस बंद करून मग तुळस. दोन्ही एकदम टाकून पंधरा मिनिटं कढवलं की आल्याचा तिखटपणा राहतो आणि तुळशीचा कडवटपणा.

गवती चहा आपल्याकडे कुणी आरोग्यासाठी लावला नव्हता, तो असायचाच. बैठ्या घरांच्या आणि चाळींच्या मागे, मोरीचं पाणी जिथं जिरायचं तिथं त्याचा एक ठोंब. पावसाळी संध्याकाळी घरातल्या धाकट्याला पिटाळायचं, "चार पात्या घेऊन ये." धाकटं कात्री न घेता पळायचं, पाती खालून वर ओढायच्या ऐवजी उलटी धरायचं, आणि चर्रकन बोट कापायचं. रक्त फार येत नाही, चुणचुणतं मात्र तासभर. बोट तोंडात घालून परत आलेल्या पोराच्या हातातल्या पात्या आई गाठ मारून सरळ आधणात टाकायची, वर चहाची पूड, साखर, दूध. बोटाकडे बघायला वेळ नसायचा, कारण तोवर दूध वर आलेलं असायचं.

आता ठोंब कुंडीत आलाय. खारघर-नेरुळच्या ग्रिलमध्येही तो झकास येतो, मात्र बारा इंची कुंडी आणि दिवसातले चार-पाच तास ऊन हवं. पात्या उपटायच्या नाहीत, बुडापासून बोटभर सोडून कापायच्या. वर्ष-दोन वर्षांनी ठोंब कुंडीत गच्च होतो आणि पात्या बारीक यायला लागतात, तेव्हा तो फोडून दोन कुंड्यांत लावायचा. विकत घ्यायचा असेल तर जांभळी नाक्याच्या भाजीबाजारात पावसाळ्यात जुड्या असतातच. टोकं तपकिरी आणि कुरकुरीत झालेली जुडी नको. बुडाकडचा फिकट, जाडसर भाग नखानं चुरडून बघावा. वास तिथं भरपूर असतो आणि नेमका तोच भाग लोक कापून फेकून देतात.

फळांच्या चहाची गोष्ट निराळी. मॉलमधल्या पेटीवर टपोऱ्या स्ट्रॉबेऱ्या, रासबेऱ्या, मधाचा थेंब. पेटी उलटी करावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात, हा नियम ग्राहकाच्या फार उपयोगाचा. पहिलं नाव बहुधा हिबिस्कस, मग सफरचंदाचे वाळवलेले तुकडे, रोझहिप म्हणजे रानगुलाबाची फळं, संत्र्याची साल. स्ट्रॉबेरी पार शेवटी कुठेतरी, नाहीतर नुसता तिचा स्वाद. म्हणजे नाव कुठल्याही फळाचं असो, रंग आणि आंबटपणा हिबिस्कसचाच. (झटपट 'लेमन टी'च्या पुडीत पहिलं नाव साखर असेल, तर ते सरबत आहे. सरबत म्हणून प्यावं, काही बिघडत नाही.)

हे हिबिस्कस म्हणजे गणपतीला वाहतो ती जास्वंद नव्हे. ती लाल अंबाडी. फूल गळून गेल्यावर खालचं हिरवं निदलपुंज फुगून मांसल, गर्द लाल होतं, ते वाळवतात. जिच्या पाल्याची आपण कण्या घालून, वर लसणाची फोडणी ओतून भाजी करतो, तिच्याच घराण्यातली. रक्तदाब थोडा उतरतो असं काही चाचण्यांत दिसलंय, त्यामुळे बीपीची गोळी चालू असलेल्यानं रोज तीन-तीन कप सुरू करण्याआधी विचारून घ्यावं. एरवी हा मोठा गंमतीचा गडी. ॲल्युमिनियमच्या किंवा कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात तो करायचा नाही, त्याचं आम्ल धातूला लागतं. स्टील नाहीतर काच. दूध घातलं की फाटतं. लिंबू पिळलं की लाल रंग उजळतो, चिमूटभर सोडा पडला की निळसर जांभळा होतो. घोडबंदरच्या सोसायट्यांत बोअरच्या पाण्याचा टँकर येतो, त्या दिवशी हाच चहा मळकट जांभळा दिसला तर पुडी जुनी निघाली असं समजू नये, पाण्यात क्षार आहेत. आणि आंबट असल्यामुळे लॅपटॉपशेजारी ठेवून दिवसभर घोट घोट घेणं दातांना मानवत नाही. एका बैठकीत संपवावा, साध्या पाण्यानं चूळ भरावी. लगेच ब्रश मात्र करू नये.

इथे कोकमाची आठवण न येणं अशक्य. फळाची वाळवलेली साल, गरम पाणी, लाल रंग, आंबट चव. फळांचा चहा आणखी काय असतो? रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कोकमाला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण आमसूल आपल्याकडे डब्यात, पुडीत, वर्तमानपत्राच्या कागदात येतं, म्हणून त्याला कुणी वेलनेस म्हणत नाही. तीन आमसुलं पटकन धुऊन घ्यावीत, कारण ती मिठात आणि स्वतःच्याच रसात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवलेली असतात. दोनशे मिली गरम पाण्यात दहा मिनिटं झाकून ठेवावीत, सुपारीएवढा गूळ, चिमूटभर जिरेपूड. न धुता टाकली तर खारट ढाण लागतं आणि बीपीवाल्यांच्या पोटात नको तेवढं मीठ जातं.

पेटीतल्या पिशव्यांबद्दल एवढंच, की कागदी बरी. चकाकणाऱ्या पिरॅमिड पिशव्या बऱ्याचदा नायलॉनच्या किंवा पॉलिस्टरच्या असतात. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठानं 2019 मध्ये अशा पिशव्या 95 अंशांच्या पाण्यात बुडवून पाहिल्या, तर एकेका पिशवीतून प्लास्टिकचे अब्जावधी सूक्ष्म कण निघाले. सुटा पाला आणि स्टीलचं गाळणं घ्यावं, गाळण्यातला चोथा चमच्यानं दाबू नये.

सुट्या मालाला ठाणे-नवी मुंबईत एकच शत्रू, दमट हवा. जूनपासून सगळं सादळतं. एपीएमसीच्या मसाला मार्केटात स्वस्त पडतं म्हणून किलोकिलोनं कॅमोमाइल आणायचं आणि गणपतीत बरणी उघडून बुरशीचा वास घ्यायचा, हा व्यवहार आतबट्ट्याचा. पन्नास ग्रॅम आणावं, घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत, ओट्यापासून दूर ठेवावं. बोटांत चुरडून वास आला नाही, तर कपातही येणार नाही. दालचिनी घेताना मात्र सुटीच बरी, बघता तरी येते. जाड सालीची एकच गुंडाळी असेल तर ती कॅशिया. कागदासारख्या पातळ सालींचे थर एकात एक असतील, तर ती खरी दालचिनी, आपल्या कोकणातही होते. रोजच्या रोज प्यायची असेल तर दुसरी घ्यावी. कॅशियात कूमरिन बरंच असतं आणि ते जास्त झालं की यकृताला जड जातं.

आता पेटीवरचे दावे. 'डिटॉक्स'चं काम मूत्रपिंड आणि यकृत बिनपगारी करतायत, त्यांना पुरेसं पाणी मिळालं की झालं. 'स्लिम'च्या मागे बऱ्याचदा सोनामुखी, म्हणजे जुलाबाची पानं, निघते. वजनकाट्यावर किलोभर कमी दिसतं, ते पाणी असतं. पोटात कळा येतात, आणि महिनोन्महिने घेतलं की तिच्याशिवाय आतडं हलेनासं होतं. 'स्लीप'मधलं कॅमोमाइल सौम्य आहे, मात्र ते शेवंतीच्या कुळातलं. शेवंतीच्या हारानं शिंका येणाऱ्यांनी बेतानं. पुदिना जेवणानंतर छान लागतो, पण छातीत जळजळणाऱ्यांना तो त्रासच देतो, कारण अन्ननलिकेच्या तळाची झडप त्यानं सैल पडते. पेटीतला पेपरमिंट मेंथॉलचा, त्यामुळे तो अधिकच. बाजारातला आपला पुदिना त्या मानानं मवाळ. हिमोग्लोबिन कमी असेल तर पुदिन्याचा चहाही जेवणानंतर तासाभरानंच घ्यावा, जेवणातलं लोह तोही अडवतो. ग्रीन टी खरं तर या पंगतीतली नव्हेच. ती चहाच्याच झुडपाची पानं, कॅफिनसकट. रात्री दहाला ती पिऊन झोप का येत नाही, असं विचारू नये. तिला 80 अंशांचं पाणी आणि दोन मिनिटं पुरतात. दूध-साखर-आलं घालून उकळलेली ग्रीन टी अनेक घरांत होते, तिच्याबद्दल न बोललेलं बरं.

'इम्युनिटी'चा काळ सगळ्यांना आठवत असेल. 2020 मध्ये आयुष मंत्रालयाच्या काढ्याचं प्रमाण साधं होतं: तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, मिरी एक, आणि दिवसातून एकदा किंवा दोनदा. आपल्याकडे एक-दोनचे चार झाले, मिरी मुठीनं पडली, आणि मे महिन्याच्या उकाड्यात तोंड आलं की पुन्हा त्याच काढ्याच्या गुळण्या. त्याच लाटेत गुळवेलही घरोघरी शिरली. 2021 मध्ये मुंबईतल्याच यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद छापली. मंत्रालयानं तो निष्कर्ष मान्य केला नाही. वाद चालू राहील. तोवर ज्याच्या यकृताची आधीच तक्रार आहे, त्यानं वेलाला लांबूनच नमस्कार करावा.

पण सगळ्यांत बेमालूम लपतं ते ज्येष्ठमध. घशाला आराम, गोडसर चव, साखर शून्य. त्यातलं ग्लायसिरायझिन रोज भरपूर पोटात गेलं की शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम घटवतं आणि रक्तदाब चढवतं. दिवाळीला ऐरोलीची लेक बाबांना चहाची देखणी पेटी पाठवते. बाबांना 'गळ्यासाठी' लिहिलेला डबा आवडतो, सकाळ-दुपार-रात्र सुरू होतो. पेटीच्या मागे दुसऱ्या क्रमांकावर ज्येष्ठमध बारीक अक्षरात. बीपीची गोळी वेळेवर, मीठ कमी, मासुंदा तलावाला दोन फेऱ्या, आणि तरी आकडा खाली येत नाही. डॉक्टर गोळी वाढवतात. त्याआधी रीतसर विचारतातही, "काका, काही आयुर्वेदिक, घरगुती, काढा वगैरे घेता का?"

"छे हो डॉक्टर. फक्त चहा."