बोअरचं पाणी आणि माझं सॉन्ग ऑफ इंडिया

पांढरकवड्याकडच्या आमच्या गावात दारापुढे तुळस, जास्वंद, सदाफुली, फार तर एखादी मधुमालती दिसते. कुंडीतली शोभेची झाडं उन्हाळ्यात तगत नाहीत असा सगळ्यांचा अनुभव, म्हणून कोणी त्यांच्या नादी लागत नाही. मला मात्र सॉन्ग ऑफ इंडिया पाहिल्यापासून हवंच होतं. ड्रेसिनाच्या जातीतलं हे झाड. अरुंद टोकदार पानं खोडाभोवती दाट फेर धरून येतात, मधे गर्द हिरवा पट्टा आणि दोन्ही कडा पिवळ्या. पान जुनं झालं की कडा दुधाळ होतात. खालची पानं गळत जातात, खोड उघडं पडतं आणि वर झुपका उरतो, त्यामुळे लांबून लहानसं ताडाचं झाडच वाटतं. मूळ मादागास्कर, मॉरिशसकडचं, म्हणजे दमट हवेत वाढलेलं. आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास!

दसऱ्याच्या सुमारास यवतमाळच्या नर्सरीतून रोप आणलं. पिवळ्या कडेत हरितद्रव्य अगदी कमी असतं, म्हणून दुपारचं ऊन तिला भाजून काढतं. पण अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलं तर रंग उतरतो आणि झाड लांबुडकं होतं. आमची छपरी पूर्वेकडे उघडी आहे, तिथे सकाळचं कोवळं ऊन येतं. कुंडी तिथेच ठेवली. नुसत्या काळ्या मातीत पाणी धरून राहतं आणि मुळं सडतात, म्हणून बारीक मुरूम, वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत जास्त, काळी माती मूठ-दोन मूठ. बोट घालून वरची माती कोरडी लागली तरच पाणी.

हिवाळ्यात नवी पानं चांगली येत होती, पण पानांची टोकं जळू लागली. आधी पिवळ्या कडेवर तपकिरी ठिपका, मग टोकापासून आत सरकत जाणारा वाळका पट्टा. ऊन म्हणावं तर थंडीचे दिवस. पाणी कमी म्हणावं तर माती ओलसर. कुंडी उपसून मुळं पाहिली, तीही निरोगी आणि घट्ट. पानामागे कीड नाही. मग उरलं ते पाणी.

आमच्या केळापूर तालुक्यात पाण्यातलं फ्लोराईड ही काही नवी गोष्ट नाही. लहानपणापासून दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे असलेली माणसं घरोघर आहेत, आणि म्हाताऱ्यांचे गुडघे-पाठ आखडणं हे वयावर ढकललं जातं. ड्रेसिना फ्लोराईडला फार नाजूक, हे मला झाडाबद्दल वाचताना कळलं. माणसासाठी पिण्याच्या पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड योग्य धरतात, आणि दुसरा स्रोत नसेल तर 1.5 पर्यंत. माणसाला चालणारं तेवढं पाणीही ड्रेसिनाच्या पानांना डाग पाडू शकतं. मुळांतून पाण्याबरोबर फ्लोराईड वर चढतं, पाणी पानातून उडून जातं, ते मात्र टोकाशी आणि कडेशी साठत राहतं. तिथल्या पेशी मरतात. पिवळ्या कडेवर ते आधी दिसतं, हिरव्या पानात इतक्या लवकर नजरेत आलं नसतं.

अर्थात टोकं कोरड्या हवेनं आणि पाण्यातल्या इतर क्षारांनीही जळतात, नुसत्या पानावरून ठरवता येत नाही. म्हणून बोअरच्या पाण्याचा नमुना सरकारी प्रयोगशाळेत दिला. अहवालात फ्लोराईड 1.5 च्या वर निघालं. खोल बोअरला ते जास्त आणि उथळ विहिरीला कमी, असं आमच्या भागात पुष्कळ ठिकाणी आढळतं. आमच्या वावरातल्या जुन्या विहिरीचं पाणी तपासलं तर ते मर्यादेत होतं. त्या दिवसापासून स्वयंपाकाला आणि प्यायला विहिरीचंच पाणी. लेकराचे पक्के दात अजून यायचे आहेत, त्यामुळे यात मी कोणाचं काही ऐकलं नाही. पाणी उकळून फ्लोराईड जात नाही, उलट पाणी आटून ते दाट होतं. रात्रभर भांड्यात ठेवून क्लोरीन उडतं, फ्लोराईड नाही.

झाडासाठी मात्र पावसाचं पाणी सगळ्यांत चांगलं. छपरीच्या टिनांना पन्हाळ लावून घेतली, पहिल्या एक-दोन सरींचं पाणी वाहू दिलं आणि मग झाकणाचे ड्रम भरले. एका कुंडीला लागतं तरी किती! ड्रम संपले की विहिरीचं पाणी. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी आमच्याकडे सर्रास झाडांना टाकतात. पाणी उडत जातं आणि क्षार मागे राहून दाट होतात, म्हणून ते या कुंडीला अजिबात नाही. चुलत दीर म्हणाले, "वहिनी, मूठभर सुपर टाका ना, मंग पाहा कसं होते ते." सुपर फॉस्फेटमध्येही फ्लोराईड असतं, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना पटायला वेळ लागला, कारण कपाशीला तेच खत वर्षानुवर्षं चालत आलंय.

उन्हाळ्यात छपरीच्या उघड्या बाजूला तुराट्यांचा कूड बांधला, झळा तिथेच अडतात. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, कुडावर ओली पोती टाकली आणि कुंडी आत, पण उजेडात ओढली. त्या दिवसांत पानं थोडी लोळली, गळाली नाहीत. पिठ्या ढेकूण एकदा आला, निंबोळी अर्कानं गेला. शेळ्यांपासून जपायचं ते वेगळंच.

जळलेलं टोक पुन्हा हिरवं होत नाही. कात्रीनं पानाच्या आकारातच तिरपं कापायचं, थोडी तपकिरी रेघ ठेवून, म्हणजे जिवंत भाग उघडा पडत नाही. मी वाट पाहत होते नव्या पानांची. पावसाळ्यात आलेली पानं टोकापर्यंत पिवळी-हिरवी आली तेव्हा मला इतका आनंद झाला की शेजारच्या मावशींना हात धरून आणलं. एक फांदी पूर्ण हिरवी निघाली होती, ती बुडापासून काढून टाकली. हिरव्या फांदीला जोर जास्त असतो, ठेवली तर तीच झाड व्यापते.

श्रावणात उंच झालेला शेंडा छाटला. कापाच्या खाली नवे कोंब फुटले आणि छाटलेला शेंडा वाळूत रोवला तर त्यालाही मुळं आली. ते रोप मावशींना दिलं. त्या म्हणाल्या, "अवं, आमच्याबी बोअरचं पानी तसंच असन तं?" त्यांच्या घरी दोन नातवंडं आहेत. त्यांच्या बोअरचा नमुना आता प्रयोगशाळेत द्यायचा आहे. अहवाल येईपर्यंत त्यांच्या कुंडीला पाणी आमच्या ड्रममधलं आणि घरात प्यायला आमच्या विहिरीचं, असं ठरलंय.