मागच्या अ‍ॅक्सलचे बुश घरीच बदलले, बोल्ट मात्र दोनदा कसले

दिवाळीपासून गाडीच्या मागून ठक असा आवाज येत होता आणि मी तो स्टेपनीचा समजून बसलो होतो. स्टेपनी काढून पाहिली, जॅक काढून पाहिला, एकदा तर डिक्की पूर्ण रिकामी करून त्रिमूर्तीनगर ते बुटीबोरी जाऊन आलो, ठक आपला चालूच. आपले नागपूरचे सिमेंटचे रोड तर माहीतच आहेत, थोड्या थोड्या अंतरावर जॉइंट, त्यामुळे गाडी एकदम तालात वाजायची. पण खरा घाम फुटला तो समृद्धीवर, एका ट्रकला ओव्हरटेक करून परत लेनमध्ये आलो तर स्टिअरिंग सरळ झालं आणि मागचा भाग जरा वेळाने आला, जसं काही मागे ट्रॉली बांधली आहे.

घरी येऊन गाडी स्टँडवर घेतली, मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढच्या टोकाला टॉमी म्हणजे लोखंडी दांडा लावून थोडा जोर दिला तर डावीकडचा बुश, म्हणजे अ‍ॅक्सल बॉडीला जोडणाऱ्या बोल्टभोवतीचं रबर, चक्क तोंड उघडून दाखवायला लागला. रबर अर्ध्यापेक्षा जास्त फाटलेलं. उजवीकडचं फाटलं नव्हतं पण चिरा होत्या. माझी गाडी 2013 ची हॅचबॅक, अशा छोट्या गाड्यांना मागे टॉर्शन बीम असतो, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा बीम, आणि तो बॉडीला या दोनच बुशांनी धरलेला असतो. वजन स्प्रिंगवर असतं हे खरं, पण चाकं जागेवर राहतात ती या दोन रबरांच्या भरवशावर, ते गेले की शेपूट हलणारच.

सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले बुश वेगळा मिळत नाही, अख्खा बीम बदला. पुढच्याच चौकातल्या स्पेअर पार्टवाल्याने दोन्ही बुश काउंटरवर आणून ठेवले, दोन हजाराच्या आत. आता बोला.

आमच्या शेजारचे काका एसटीच्या हिंगण्याच्या मध्यवर्ती वर्कशॉपमधून रिटायर झालेले आहेत, त्यांना विचारलं. ते म्हणाले, "कर न, त्यात काय आहे. पण गाडी उचलायच्या आधी चाकाच्या मधातून वर मडगार्डच्या काठापर्यंत माप घेऊन ठेव, दोन्ही बाजूचं." कशाला ते काही सांगितलं नाही. मी पण विचारलं नाही, घेतलं माप आणि कंपाउंडच्या भिंतीवर खडूने लिहिलं, 37 आणि 37 सेंटिमीटर.

मे महिना असल्यामुळे पहाटे साडेपाचला सुरू केलं, आपल्याकडे मेमध्ये दहानंतर पाना हातात धरता येत नाही. मागची दोन्ही चाकं काढली, बॉडीखाली स्टँड लावले, अ‍ॅक्सलखाली जॅक. ब्रेकच्या रबरी नळ्यांच्या क्लिपा, हँडब्रेकच्या केबल आणि एबीएसची वायर आधी मोकळी केली कारण अ‍ॅक्सल खाली आला की पहिला ताण यांच्यावरच येतो. मग शॉकअपचे खालचे बोल्ट, स्प्रिंग बाहेर, आणि दोन मोठे बोल्ट काढून बीमचं पुढचं टोक हळूहळू खाली घेतलं. एवढं दोन तासांत झालं, मला वाटलं जेवायच्या आत संपेल.

जुना बुश निघायलाच तीन तास लागले. रबर जाळून काढा असं एक जण म्हणाला होता, पण पेट्रोलची टाकी अ‍ॅक्सलच्या समोरच असते, ज्याला हौस असेल त्याने जाळावं. मी ड्रिलने रबराला भोकं पाडून मधली नळी काढली, मग बाहेरची लोखंडी रिंग एक्सा ब्लेडने आतून दोन जागी कापली, ब्लेड बीमच्या घरात, म्हणजे बुश बसतो त्या गोल भोकात, जाऊ नये म्हणून शेवटी शेवटी एक एक फटका मोजून, आणि छन्नीने आत वाकवून बाहेर ठोकली. आतलं घर तारेच्या ब्रशने चकाचक केलं. इथे पहिला गाढवपणा. जुना बुश कोणत्या अँगलमध्ये होता त्याची खूण मी मार्करने बीमवर केली होती आणि त्याच ब्रशने ती पण चकाचक केली.

हे महत्त्वाचं काहून तर या बुशाचं रबर सगळीकडे भरीव नसतं, दोन बाजूंना मुद्दाम गॅप ठेवलेली असते. गॅपच्या दिशेने बुश नरम आणि भरीव बाजूला कडक, म्हणून तो फिरवून बसला तर नवीन बुश असून गाडी जुन्यासारखीच वागेल. नशीब की मी एकाच बाजूचा काढला होता. उजवीकडचा अजून जागेवर होता, त्याचा फोटो काढला, मोबाईलमध्ये आरशात दिसतो तसा उलटा केला आणि तसाच डावीकडे जुळवला.

नवीन बुश रात्रभर फ्रीझरमध्ये होते, संत्रा बर्फीच्या डब्याशेजारी, त्यावरून घरात जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. फरक किती पडतो? 60 मिमीच्या स्टीलच्या रिंगला 60 डिग्रीचा फरक दिला तर ती जेमतेम 0.04 मिमी आक्रसते. ऐकायला काहीच नाही, पण घट्ट बसणाऱ्या वस्तूला तेवढंही पुरतं. ग्रीस नाही, ऑइल नाही, त्याने रबर फुगतं, फक्त साबणाचं पाणी. आत ओढायला लेथवाल्याकडून दोन कप बनवून घेतले होते आणि मधून आट्यांचा रॉड. पहिला रॉड साधा हार्डवेअरचा होता, अर्ध्यात त्याचे आटेच सोलून निघाले. मग हाय टेन्साइलचा आणला आणि नटखाली वायसरच्या जागी जुनं थ्रस्ट बेअरिंग टाकलं, तेव्हा कुठे बुश लोण्यासारखा गेला. उजवीकडचा तर चाळीस मिनिटांत झाला.

संध्याकाळी बीम वर घेतला, स्प्रिंग बसवल्या, दोन्ही बोल्ट दम लावून कसले आणि पाने पुसत बसलो. टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट मोजून तेवढ्याच जोराने कसायचा पाना, तेवढा काकांकडून आणायचा होता. काका स्वतःच घेऊन आले, गाडी स्टँडवर, अ‍ॅक्सल खाली लोंबकळलेला पाहिला आणि म्हणाले, "काहून रे बाबू, हवेतच कसून टाकले का?"

मी हो म्हटलं. ते खाली उकिडवे बसले. "हा काही बेअरिंग नाही गरगर फिरायला. रबर आतल्या नळीला पण चिकटलेलं, बाहेरच्या रिंगला पण. बोल्ट कसला की नळी जाम. आता तू गाडी खाली ठेवली की अ‍ॅक्सल वर येईन न, मग रबर उभ्या गाडीतच पिळलेलं राहीन. वर्षभर पण नाही टिकणार. माप कशाला घ्यायला लावलं होतं?"

मी भिंतीकडे पाहिलं. 37.

दोन्ही बोल्ट परत ढिले केले. जॅकने एक एक बाजू उचलत चाकाच्या मधापासून काठापर्यंत 37 भरेपर्यंत वर घेतलं, काका टेप धरून, आणि त्याच उंचीवर मॅन्युअलमधल्या टॉर्कने कसले. मग केबल, क्लिपा, चाकं. अंधार पडला होता.

रात्रीच हिंगणा रोडला चक्कर मारली. जॉइंटवर आता फक्त टायरचा आवाज येतो, आणि लेन बदलताना गाडी एकदमच वळते, सवय नसल्यामुळे पहिल्यांदा जास्तच वळवली.

भिंतीवरचा 37 बायकोला पुसायचा आहे. मी म्हटलं राहू दे, शॉकअप पण बदलायचे आहेत, त्यांच्या खालच्या टोकाला पण बुशच असतो.