रुहरच्या काठाने: विटन ते हाटिंगन

जर्मनीतल्या रुहर खोऱ्याचं नाव काढलं की धुराडी आणि काजळी डोळ्यांपुढे येते. विटन ते हाटिंगन सायकलवर गेलात तर मात्र दिसतं संथ पाणी, कुरणं आणि दाट झाडी. अंतर वीस-पंचवीस किलोमीटर. घाई केली तर दोन तासांत आटपेल, पण आमच्या गटाने त्याला अख्खा दिवस दिला, आणि तोच सल्ला तुम्हालाही.

वाट बहुतेक सपाट आहे. १७८० च्या सुमारास जागोजागी जलद्वारं बांधून रुहर होड्यांसाठी खुली झाली. कोळशाने भरलेल्या होड्या प्रवाहाबरोबर खाली जात, परतताना काठावरून घोडे त्यांना ओढून आणत. त्या घोड्यांच्या वाटेवरून आज बऱ्याच ठिकाणी सायकली जातात. पुढे रेल्वे आली आणि होड्या संपल्या.

पहिला मुक्काम विटनजवळची नाख्तीगाल खाण. १८९२ मध्ये ती बंद पडली आणि त्याच आवारात वीटभट्टी सुरू झाली. आता तिथे संग्रहालय आहे. डोक्यावर हेल्मेट चढवून वाकत वाकत बोगद्यात शिरलात की खडकात दाबलेला कोळशाचा काळा थर हाताच्या अंतरावर असतो. एवढ्या अरुंद जागेत आडवं पडून माणसं काम करायची, हे वाचून कळत नाही. आत मार्गदर्शकाबरोबरच सोडतात, त्यामुळे गट मोठा असेल तर आधी नोंदणी करा. सोमवारी संग्रहालय बंद असतं.

थोडं पुढे हार्डनश्टाइन किल्ल्याच्या पडक्या भिंतींखाली छोटी होडी सायकलींसकट पलीकडे सोडते. तिकीट नाही, पेटीत खुशीने पैसे टाकायचे, जरूर टाका. हिवाळ्यात ती बंद असते आणि एका फेरीत मोजक्याच सायकली मावतात, म्हणून गटाने दोन-तीन तुकड्या कराव्यात.

केमनाडे तलावाशी रविवारी झुंबड असते. सायकलींची वाट वेगळी आहे, तीच धरा.

पाणी इतकं स्वच्छ कसं, हा प्रश्न आमच्यात सारखा निघत होता. उत्तर उत्तरेच्या एम्शर नदीत आहे. रुहरचं पाणी पिण्यासाठी राखलं गेलं आणि कारखान्यांचं, वस्त्यांचं सांडपाणी एम्शरमध्ये सोडलं गेलं. खाणींमुळे जमीन खचायची, जमिनीखालचे नळ फुटले असते, म्हणून ते उघड्यावरूनच वाहायचं. खाणकाम तिथून सरकल्यावर भुयारी वाहिन्या टाकता आल्या आणि २०२१ च्या अखेरीस एम्शर सांडपाण्यातून सुटली. रुहरच्या काठावर रमताना त्या दुसऱ्या नदीने काय सोसलं, हे ठाऊक असायलाच हवं.

शेवटी हाटिंगनचा हेन्रिक्सह्यूटं पोलाद कारखाना. १८५४ साली सुरू झालेल्या या कारखान्याची शेवटची झोतभट्टी १९८७ मध्ये विझली. ती वाचवायला गाव रस्त्यावर उतरलं होतं. भट्टीवर चढून जाता येतं; किमान दीड तास हाताशी ठेवा आणि जाड तळव्याचे बूट घाला, पायऱ्या जाळीच्या आहेत.

परतीला हाटिंगनहून एस-३ लोकल एसेनला जाते. सायकलचं तिकीट वेगळं काढावं लागतं. कामाच्या दिवशी संध्याकाळची गर्दी टाळा आणि सगळे एकाच डब्यात घुसू नका. पायांत दम उरला असेल तर लोकल सोडून नदीबरोबरच एसेनच्या बाल्डेनाय तलावापर्यंत जा. तिथे २०१७ पासून ठरलेल्या जागी पोहायलाही परवानगी आहे.