वीस महिन्यांच्या लेकीला घेऊन पुणे ते मालवण, गाडीने

जानेवारीत आम्ही पाच जण, म्हणजे मी, नवरा, सासू-सासरे आणि वीस महिन्यांची लेक, पुण्याहून मालवणला गाडीने जाऊन आलो. जाताना दोन दिवस, येताना दोन दिवस आणि मध्ये मालवणजवळच्या देवबागला तीन मुक्काम. "एका दिवसात होतं की!" असं बऱ्याच जणांनी सांगितलं होतं. मोठ्या माणसांचं होतंही. पण लेक सकाळी दहाला आणि दुपारी अडीचला झोपते, बाराला जेवते आणि संध्याकाळी पाचनंतर तिला पायाखाली जमीन लागते. आम्ही आधी या वेळा कागदावर लिहिल्या आणि मग त्यांत रस्ता बसवला. कोल्हापूरचा मुक्काम असा ठरला.

पहिल्या दिवशी पहाटे पाचला निघालो. तिला झोपेतच उचलून तिच्या चाइल्ड सीटवर बांधलं. खंबाटकी घाट चढून साताऱ्यापर्यंत तिने डोळा उघडला नाही. न्याहारीला हायवेवर न थांबता कराड गावात आत गेलो, प्रीतिसंगमावर. कृष्णा आणि कोयना इथे समोरासमोर येऊन मिळतात, यशवंतराव चव्हाणांची समाधीही इथेच आहे. धाब्याच्या आवारात ट्रक मागेपुढे होत असतात, मुलाचा हात सोडता येत नाही. इथे ती पाऊण तास नुसती पळत होती. घरून आणलेली नाचणीची खीर घाटाच्या पायरीवर बसून संपवली. आत जाऊन येण्यात अर्धा तास जास्त गेला, पण पुढे कोल्हापूरपर्यंत ती शांत झोपली.

सातारा-कोल्हापूर पट्ट्यात आम्ही गेलो तेव्हा सहापदरीकरणाचं काम चालू होतं आणि जागोजागी वळणरस्ते होते. त्यात उसाचा हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर अंधारात, मागे दिवा नसताना, अचानक समोर येतात. लहान मूल गाडीत असेल तर हा पट्टा उजेडातच पार करा.

आता या चाइल्ड सीटबद्दल. निघायच्या आधी घरात यावरच सर्वांत जास्त चर्चा झाली. "इतका वेळ बांधून ठेवायचं लेकराला? माझ्या मांडीवर झोपेल की," असं सासूबाई म्हणत होत्या, आणि त्यांचा जीव खरंच तुटत होता. पण ब्रेक लागला की मांडीवरचं मूल हातात राहत नाही, कितीही घट्ट धरलं तरी. कायद्यातही चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा त्याच्या मापाची सीट सक्तीची आहे (मोटार वाहन कायदा, कलम १९४ ब, दंड १००० रुपये). आम्ही प्रवासाच्या महिनाभर आधीपासून तिला रोज भाजी आणायला जाताना त्या सीटवर बसवलं. पहिले चार दिवस रडली, मग सवय झाली. सीट मागच्या बाकावर, मुलाचं तोंड मागे राहील अशी लावा आणि सीटवर लिहिलेल्या वजनापर्यंत तशीच ठेवा. प्रवासात सासूबाई तिच्या शेजारी बसल्या, बोट तिच्या मुठीत दिलं. कागलच्या अलीकडे एक दुचाकी आडवी आली आणि नवऱ्याने करकचून ब्रेक मारला. लेक जागची हलली नाही. त्यानंतर गाडी सुरू व्हायच्या आधी तिचे पट्टे सासूबाई स्वतः ओढून बघायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी कोल्हापूरहून निपाणी, उत्तूर, आजरा आणि आंबोली. आजऱ्याला ती रडायला लागली, म्हणून मी बाटलीभर दूध दिलं. ही माझी चूक. आंबोलीचा घाट उतरताना तिसऱ्या वळणावर सगळं दूध बाहेर आलं. कपड्यांचं काही नाही, ते बदलता येतात. पण दूध सीटच्या बकलमध्ये आणि पट्ट्यांच्या शिवणीत गेलं, आणि जादा कपडे डिकीत तळाच्या बॅगेत होते. घाटात थांबायला जागा मिळेपर्यंत दहा मिनिटं ती ओल्या कपड्यांत रडत होती. अजून तो आवाज आठवला की पोटात कालवतं.

तेव्हा घाटाच्या तास-दीड तास आधी खाणं संपवा. वाटेत लागलंच तर राजगिऱ्याचा लाडू किंवा साळीच्या लाह्या, दूध नको. आंबोलीत वर अर्धा तास पायी फिरवा आणि मगच उतरा. घाटात मोबाइल देऊ नका, मळमळ वाढते. एक कपड्यांचा जोड, दोन पंचे, पाण्याची बाटली आणि चार रिकाम्या पिशव्या पायाशी हाताला लागतील अशा ठेवा. उलटीवरचं औषध आपल्या मनाने देऊ नका, निघण्याआधीच बाळाच्या डॉक्टरांना विचारा. ओआरएस न्याल तेव्हा पुडीवरचं पाण्याचं माप वाचा. मोठी पुडी लिटरभर पाण्याची असते, छोटी एका पेल्याची.

सावंतवाडीला मोती तलावाकाठी तिला पुसून, कपडे बदलून बसवलं आणि चितार आळीत गेलो. लाकडी फळं बघून ती हरखली. एक सीताफळ तिने सोडलंच नाही. ही फळं रंगवलेली असतात. सगळं तोंडात घालणाऱ्या वयात ती आपल्या नजरेसमोरच खेळू द्या.

देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी. लेकीला नदीचा काठ आवडला, कारण तिथे लाटा अंगावर येत नाहीत. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकूंनी पहिल्याच सकाळी उकड्या तांदळाची पेज केली, वर तुपाचा थेंब आणि चिमूटभर मीठ. दोन दिवस धड न जेवलेल्या मुलीने वाटी चाटून पुसून खाल्ली. कोकणात मुलांना काय द्यायचं ही चिंता करूच नका, फक्त पेज मागा. आमटी-सुक्यात तिखट असतं, पेजेत काही नसतं.

सिंधुदुर्ग किल्ल्यावर मात्र मी गेले नाही. होडीत लेकीच्या मापाचं लाइफ जॅकेट नव्हतं, मोठ्यांचं तिच्या डोक्यावरून निसटत होतं. बाकीचे गेले, आम्ही दोघी मालवणच्या धक्क्यावर होड्या बघत बसलो. किल्ला बघायचाच असेल तर मुलाच्या मापाचं जॅकेट घरून आणा.

परतताना कणकवलीहून फोंडा घाट, दाजीपूर, राधानगरी असे कोल्हापूरला आलो. हा घाट चढायचा होता, ती उपाशीपोटी नव्हती आणि भरल्यापोटीही नव्हती. काहीच त्रास झाला नाही. राधानगरीच्या बाजूला जंगलातून रस्ता जातो, दुकानं विरळ आहेत. पाणी आणि डायपर कणकवलीतच घ्या.

पुण्याकडे येताना खंबाटकीला बोगदा लागतो. आतल्या दिव्यांना ती "चांदोबा, चांदोबा" करत होती. बोगद्यातून बाहेर पडल्यावर उतार आणि वळण एकदम येतं, तिथे वेग आधीच कमी ठेवा. आणि रविवारी संध्याकाळी या बाजूने पुण्यात शिरू नका, खेड शिवापूरपासून गाड्या मुंगीसारख्या सरकतात. आम्ही गुरुवारी आलो, दोनला घरी होतो. तिची दुपारची झोप तिच्या पाळण्यात झाली.