काळी मेंदी नावाची मेंदी नसते

मेंदीच्या पानात एकच रंग असतो, तांबूस केशरी. रसायनशास्त्रात त्याला लॉसोन म्हणतात. काळ्या केसांवर तो जेमतेम उन्हात चमकतो, पिकलेल्या केसांवर मात्र सरळ केशरी उमटतो. तेव्हा पाकिटावर ‘काळी मेंदी’ लिहिलेलं असेल तर आत काळं करणारं दुसरं काहीतरी आहे, हे धरूनच चालायचं. ते काय आहे हे पाकीट उलटं करून वाचा. दुकानात उभं राहून वाचा, चष्मा लावून वाचा.

मी साताऱ्यात बारावीला रसायनशास्त्र शिकवते, पण ही तळमळ वर्गातून आलेली नाही. घरातल्या एका साखरपुड्याच्या आदल्या दिवशी माझ्या धाकट्या जावेने असं पाकीट लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या पापण्या सुजून डोळे मिटलेले, आणि कपाळाच्या कडेने, कानामागे पाणी सुटणारे फोड. त्वचेच्या डॉक्टरांनी आधी पाकीटच मागितलं. बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं: पॅरा-फेनिलिनडायअमाइन. थोडक्यात पीपीडी. साध्या काळ्या डायमध्ये असतं तेच. पुष्कळांना ते सोसतं, पण एकदा का शरीराने त्याच्याशी वैर धरलं की ते जन्मभर राहतं, आणि पुढच्या वेळी त्रास जास्तच होऊ शकतो. बिचारीने पानाचं चित्र आणि मेंदी हा शब्द पाहून विश्वास ठेवला होता. मला त्याचाच राग येतो. तेव्हापासून घरातल्या सगळ्या बायकांच्या केसांचं खातं माझ्याकडे आहे.

मी राजस्थानातल्या सोजतची मेंदी आणते. पाली जिल्ह्यातल्या या मेंदीला 2021 साली भौगोलिक मानांकन मिळालं. पूड वस्त्रगाळ हवी, नाहीतर काड्या केसांत अडकतात आणि धुता धुता जीव जातो. रंग फिकट हिरवा, जरासा मातकट. फार हिरवीगार दिसली तर मी घेत नाही, कारण वरून रंग मिसळलेला असू शकतो. घटकांत मेंदीच्या पानाशिवाय दुसरं काही नको.

भिजवताना कोमट पाणी आणि लिंबाचा रस. आंबटपणात रंग सावकाश सुटतो आणि टिकतोही. कालवण इडलीच्या पिठाइतकं सरसरीत ठेवायचं. वैशाखात तीन-चार तासांत तयार होतं, डिसेंबरात रात्रभर लागतं. तळहातावर ठिपका ठेवून पाच मिनिटांनी पुसा. केशरी डाग राहिला की लावायला घ्या. अंडं आणि दही मी घालू देत नाही. लॉसोन प्रथिनाला चिकटतो. केस प्रथिनाचे, तसं अंड्यातही प्रथिन. मग अर्धा रंग भांड्यातच वाया जायचा. लोखंडी कढईचा आग्रह आमच्या आईचा होता. मेंदीत चहा-आवळा घातला तर त्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, लोखंडाशी मिळून काळपट होतं, त्यामुळे त्यात तथ्य आहे, पण पुढे केस काळे करायला नीळ (पानांची पूड, कपड्यांची नीळ नव्हे) लावायची असेल तर कढईची गरजच उरत नाही. मी स्टीलचं पातेलं घेते.

खांद्यापर्यंतच्या केसांना 100 ग्रॅम पूड पुरते. केस आदल्या दिवशी शाम्पूने धुतलेले हवेत, तेलाचा थेंब नको. भांगापासून सुरू करून बट बट घेऊन मुळाशी भरपूर थापायचं. कानशिलावरचे केस हट्टी, तिथे आधी लावायचं आणि शेवटी पुन्हा. वर प्लास्टिकची टोपी, तीन तास.

सासूबाई इथेच थांबतात. त्यांच्या पांढऱ्याशुभ्र केसांवर नुसती मेंदी झळझळते आणि मंडईत त्या लांबून ओळखू येतात. “रंग दिसायचा नसेल तर लावायचा कशाला?” असं त्यांचं म्हणणं, आणि मला ते मनापासून पटतं.

ज्यांना काळेच हवेत त्यांच्यासाठी दुसरा टप्पा नीळ. हीसुद्धा झाडाच्या पानांची पूड. तमिळनाडूत टिंडीवनमच्या बाजूला ती पिकते. हिचं वागणं मेंदीच्या उलट. लिंबू अजिबात नको, कोमट पाणी आणि चिमूटभर मीठ. दहा-पंधरा मिनिटं ठेवून लगेच लावायची, शिळी झाली की रंग मरतो. मेंदी नुसत्या पाण्याने धुऊन केस ओलसर असतानाच लावा, दीड-दोन तास ठेवा. धुतल्यावर केस हिरवट दिसले तर घाबरू नका. हवा लागून रंग दोन दिवसांत गडद होतो. तोवर शाम्पू नाही. पुढे महिन्याला साधारण एक सेंटिमीटर केस वाढतात, तेवढ्या मुळांनाच हे सगळं करायचं.

वनस्पती आहे म्हणून चाचणी टाळू नका. दोन्ही पुडी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहा आणि दोन दिवस थांबा. घरात कुणाला जी-6-पीडी या रक्तपेशींतल्या एन्झाइमची कमतरता असेल तर त्या माणसाला मेंदी लावूच नका, लहान बाळांना तर नाहीच. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात.

जाऊ आता माझ्याकडूनच लावून घेते, तीही दर वेळी चाचणी करून. तिच्या मुलीला मात्र मी नीळ देत नाही. तिला लग्नाआधी पार्लरमध्ये हायलाइट्स करायच्या आहेत, आणि निळीवर ब्लीच केलं तर केस हिरवे पडू शकतात. तुमच्या केसांना नीळ असेल तर पार्लरवालीला आधी सांगा.